संत्र्याचे मार्मलेड : आतील गुण आणि बाहेरील शोभा

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हा भाग नागपूरला लागूनच आहे. येथे मराठी घरोघर बोलली जाते आणि संत्र्यांच्या बागाही विपुल आहेत. आंबिया बहाराची फळे साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरात, तर मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. या दिवसांत बाजारात आवक वाढली की भाव घसरतात आणि लहान आकाराच्या फळांना गिऱ्हाईक मिळेनासे होते. अशी लहान, परंतु निरोगी फळे वाया जाऊ न देण्याचा एक मार्ग म्हणजे मार्मलेड होय. त्यासाठी डागाळलेली वा नासकी फळे मात्र वापरू नयेत.

मार्मलेड म्हणजे काय?

'मार्मेलो' या एका आंबट-तुरट फळाच्या पोर्तुगीज नावावरून हा शब्द आला. आज मात्र मार्मलेड म्हणजे लिंबूवर्गीय फळांचा, सालीचे बारीक काप घातलेला मुरांबा असेच सामान्यतः समजले जाते. जॅममध्ये गराला महत्त्व असते. मार्मलेडचा प्राण सालीत असतो. पदार्थ घट्ट करणारे पेक्टिन हे द्रव्य सालीच्या आतील पांढऱ्या भागात व बियांत भरपूर असते. आपण जे फेकून देतो, तेच येथे उपयोगी पडते.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मार्मलेडसाठी स्पेनमधील सेव्हिलची कडू संत्री वापरतात. ती आंबट व पेक्टिनयुक्त असतात. आपले संत्रे गोड, सैल व पातळ सालीचे असल्याने त्याला लिंबाची जोड आवश्यक ठरते.

कृती

एक किलो संत्री व चार लिंबे स्वच्छ धुवावीत. संत्र्यांच्या सालीचा वरचा केशरी थर काढून त्याचे सुमारे २ सेंटिमीटर लांबीचे बारीक काप करावेत. कडूपणा कमी होण्यासाठी हे काप दोन-तीन वेळा पाणी बदलून, मऊ होईपर्यंत उकळावेत. साखरेत पडल्यावर साल मऊ होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

उरलेली फळे पांढऱ्या सालीसह व बियांसह चिरून, बुडतील एवढ्या पाण्यात पाऊण ते एक तास मंद आचेवर शिजवावीत व फडक्यातून न पिळता गाळावीत. गार झालेल्या एक चमचा अर्कात दोन चमचे स्पिरिट मिसळून पाहावे. एकसंध गोळा जमल्यास पेक्टिन पुरेसे आहे. विखुरलेले कण दिसल्यास अर्क आणखी आटवावा. स्पिरिट विषारी असल्याने हा नमुना न चाखता फेकून द्यावा.

एक किलो अर्कास पाऊण किलो साखर घालून तो मोठ्या आचेवर उकळावा. अर्धवट आटल्यावर सुमारे ६० ग्रॅम काप घालावेत. पाणी ज्या अंशावर उकळते, त्याहून साडेचार ते पाच अंश सेल्सियस अधिक तापमान झाले की पाक तयार झाला. थंड बशीवर टाकलेला थेंब बोटाने सारल्यास सुरकुती पडावी, ही घरगुती खूण होय. पाक पातळ राहिल्यास बुरशी धरते. अति आटल्यास साखरेचे खडे होतात. मिश्रण ८५ अंशांच्या आसपास येईपर्यंत हलके ढवळावे, म्हणजे काप वर न तरंगता सर्वत्र पसरतात.

बरणी व तिची सजावट

काचेच्या बरण्या दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उकळून कोरड्या कराव्यात. त्या गरम असतानाच लाकडी फळीवर ठेवून भराव्यात व नवी, घट्ट झाकणे लगेच लावावीत. गार बरणीत गरम पाक ओतल्यास काच तडकते.

सजावट ही बरणी पूर्ण थंड व कोरडी झाल्यावरच करावी. झाकणावर खणाच्या तुकड्याची टोपी बसवून रंगीत दोरा बांधता येतो. मात्र कापड झाकणाच्या वरच असावे. झाकण व काच यांच्यामध्ये आलेल्या कापडाच्या घडीतून हवा शिरते. रंगकाम बरणीच्या काठापासून दूर ठेवावे. काचेचा काही भाग मोकळा सोडावा, म्हणजे आतील केशरी रंग व काप दिसतात. हीच खरी शोभा होय. भरलेली बरणी अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी, कारण उजेडात रंग फिका पडतो.

घरच्या बरणीवरही पदार्थाचे नाव व केल्याची तारीख लिहावी. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार नोंदणी वा परवाना आवश्यक आहे. घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता, तुकडी क्रमांक, उत्पादनाची व वापरण्याच्या मुदतीची तारीख, परवाना क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह हा मजकूर नक्षीखाली झाकला जाता कामा नये. मार्मलेडमध्ये फळांचे प्रमाण किमान ४५ टक्के व विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत, असा नियम आहे.

सुंदर बरणी पाहून गिऱ्हाईक पहिल्यांदा येते; दुसऱ्यांदा ते आतील पदार्थासाठीच येते. बुरशी आलेली एक बरणी बचत गटाची वर्षभराची पत घालवू शकते. म्हणून आधी पाक, मग झाकण आणि शेवटी सजावट, हा क्रम बदलू नये.