उंदीर, फट आणि मण्यार

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील शहागंज परिसरात दाट वस्ती, गजबजलेली बाजारपेठ आणि दगड-मातीच्या जुन्या भिंती एकमेकींना लागून आहेत. अशा वस्तीत जिथे धान्य साठते आणि ओला कचरा पडून राहतो तिथे उंदीर-घुशी वाढतात, आणि त्यांच्या मागोमाग, त्यांच्याच बिळांतून व गटारांच्या कडेने, साप येऊ शकतात. घरात आलेला साप डूख धरून आलेला असतो ही समजूत निराधार आहे, कारण त्याला भक्ष्य, आडोसा आणि अंगाला मानवणारे तापमान एवढ्याच गोष्टी हव्या असतात. सापाचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करत नसल्यामुळे उन्हाळ्यात तो मोरीच्या गारव्याला आणि थंडीत भिंतीच्या उबेला येतो, तर पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतो. म्हणून सर्पदंश टाळण्याचा विचार विषाच्या आधी घराच्या रचनेपासून आणि घरातल्या सवयींपासून सुरू करावा लागतो.

महाराष्ट्रात माणसाला सर्वाधिक धोका असलेले विषारी साप चार आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांच्या विषाचा मुख्य परिणाम मज्जासंस्थेवर होतो, तर घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडवते आणि घोणसीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. घोणस जोरात फूत्कारते, नाग फणा काढतो, फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. मात्र मण्यार, जी घरांच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक म्हणावी लागेल, बहुधा असा कोणताही इशारा देत नाही. दिवसा ती संथ असते आणि रात्री भक्ष्यासाठी फिरते. उंदीर आणि पाली यांच्याबरोबर ती इतर सापही खात असल्यामुळे, घरात वारंवार येणाऱ्या कवड्यासारख्या बिनविषारी सापांच्या मागावरही ती येऊ शकते.

मण्यारीचे दात लहान असतात आणि तिच्या दंशाच्या जागी वेदना व सूज फारशी होत नाही, त्यामुळे जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला दंश झाल्याचे अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळताना त्रास होणे अशी लक्षणे दिसू लागतात आणि ती अपचनाची किंवा अशक्तपणाची समजून महत्त्वाचे तास वाया जातात. तिच्या विषातील प्रथिने मज्जातंतूंच्या टोकांना इजा करतात, म्हणजे ज्या ठिकाणाहून स्नायूंना हालचालीचा रासायनिक संदेश सुटतो तीच जागा निकामी होते, आणि श्वासाचे स्नायू थांबल्यास रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्राचा आधार द्यावा लागतो. झालेली इजा प्रतिविषाने भरून निघत नाही, ती भरून यायला दिवस लागतात. म्हणूनच लवकर पोहोचण्याला इतके महत्त्व आहे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे या साध्या उपायांना अभ्यासाचाही आधार आहे, कारण आग्नेय नेपाळमध्ये झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचे आढळले.

पाळीव प्राण्यांचा प्रश्न याच साखळीत येतो. कोंबड्यांची पिल्ले व अंडी, कबुतरांची खुराडी आणि कुत्र्या-मांजरांच्या ताटलीत रात्रभर राहिलेले अन्न या सर्व गोष्टी उंदरांना किंवा थेट सापांना बोलावतात. कुत्रा सापाला हुंगायला जातो, त्यामुळे त्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पायांवर होतो. मांजर पंजाने डिवचते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 2020 मधील संशोधनात असे दिसले की रक्त गोठवणाऱ्या सर्पविषाने कुत्र्याचे रक्त मांजराच्या रक्तापेक्षा अधिक वेगाने गोठते, म्हणजे त्याला मिळणारा अवधी कमी असतो. प्राणी लहान आहे म्हणून प्रतिविषाची मात्रा कमी करता येत नाही, कारण मात्रा शरीराच्या वजनावर नव्हे, तर अंगात गेलेल्या विषावर अवलंबून असते. हाच नियम लहान मुलांनाही लागू आहे.

भारतातील प्रचलित प्रतिविष घोड्यांना वरील चारही सापांचे विष अत्यल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून तयार केले जाते, आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलत असल्याने हे प्रतिविष सर्वत्र सारखेच प्रभावी ठरत नाही. तरीही आज त्याला पर्याय नाही. दंश झाल्यावर जखम चिरणे, विष चोखणे, दोरीने अवयव करकचून आवळणे आणि मांत्रिकाकडे जाणे हे सर्व घातक आहे. अंगठ्या-बांगड्या काढून, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठणे एवढेच करायचे असते. शहागंजकरांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे घाटी, जवळच आहे. तेव्हा उशीर झाला तर तो अंतरामुळे कमी आणि घरगुती उपचारांत गेलेल्या वेळेमुळे अधिक होईल.

साप ओळखण्यासाठी त्याला मारणे किंवा पकडणे हा दुसऱ्या दंशाला आमंत्रण देण्याचा प्रकार ठरतो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हाही आहे. कवड्या आणि मण्यार यांत सामान्य माणसाची गल्लत सहज होते: कवड्याच्या अंगावरचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. मात्र हा फरक दुरून, उजेडात समजून घेण्यासाठी आहे, हात लावण्यासाठी नव्हे. साप दिसल्यास मुले व प्राणी बाजूला करून, दुरून नजर ठेवून, वन विभागाला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवणे योग्य. एक साप नेला तरी उंदीर आणि फट जागेवरच असतील तर दुसरा येण्याची शक्यता उरतेच.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाल्याचा, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजारांचा, अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आणि नंतर 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. या उद्दिष्टाचा काही भाग रुग्णालयांच्या हाती आहे, पण मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, भिंतीतल्या बिळांना सिमेंट, जमिनीपासून उंच ठेवलेल्या गोण्या, रात्री हातात विजेरी आणि बाजाराचा वेळेवर उचललेला कचरा हा भाग घरमालकाच्या, दुकानदाराच्या आणि महापालिकेच्या हाती आहे, आणि कचरा उचलण्याच्या कामाकडे केवळ स्वच्छतेचे म्हणून न पाहता दंश टाळण्याचे काम म्हणूनही पाहायला हवे.