विषाचा नफा जप्त झालाच पाहिजे!

ऑगस्ट 2022 मध्ये प्राप्तिकर खात्याने जालन्यातील पोलाद उद्योगसमूहांवर छापे घातले. 56 कोटींहून अधिक बेहिशेबी रोकड सापडली. नोटा मोजल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. ती कारवाई कराची होती, कचऱ्याशी तिचा संबंध नव्हता. पण सरकारने मनावर घेतले तर त्याला पैसा शोधता येतो, मोजता येतो आणि जप्तही करता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. मग आमचा सवाल असा, की घातक कचरा चोरून टाकून कमावलेल्या पैशाचा हिशेब कोणीच का मागत नाही?

हा पैसा तिजोरीत दिसत नाही, म्हणून तो आधी समजून घेतला पाहिजे. जालना ही भंगार वितळवून सळई करणारी नगरी. भट्टी म्हटली की स्लॅग आणि धूळ आलीच. कोणत्याही कारखान्याला इथला घातक कचरा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात पाठवायचा तर दोनशे किलोमीटरांहून अधिक वाहतूक आणि वर प्रक्रियेचे पैसे. तोच माल रात्री गायरानात किंवा नाल्यात ओतला, तर खर्च फक्त टिपरच्या डिझेलचा. वाचलेली ही रक्कम म्हणजेच गुन्ह्याची कमाई! मालकाने चुकवलेला खर्च मग विहिरीच्या, जनावरांच्या आणि लेकराबाळांच्या माथी येतो. गायरानाच्या कडेला वस्ती कोणाची असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. 1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी याच जमिनीच्या हक्कासाठी तुरुंग भरले. भूमिहीनाने गायरानात नांगर धरला की अतिक्रमण आणि टिपर रिकामा झाला की डोळेझाक, हा कुठला न्याय?

आता कायद्याकडे पाहू. पर्यावरण संरक्षण कायदा, 1986 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होती. 2009 च्या दुरुस्तीने हे गुन्हे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या यादीत घातले. म्हणजे प्रदूषणाची कमाई जप्त करण्याची वाट खुली झाली. 2023 च्या जनविश्वास कायद्याने मूळ गुन्ह्याची कैद काढली आणि त्या यादीतूनही हे गुन्हे वगळले. उरला तो 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड. कोटी वाचवणाऱ्याला 15 लाख म्हणजे धंद्यातला किरकोळ खर्च. हा 'विश्वास' नेमका कोणत्या जनांवर दाखवला?

राजस्थानातील बिछडी गावाची कथा इथे लक्षात घ्यावी. रासायनिक कारखान्यांच्या गाळाने तिथल्या विहिरी नासल्या. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बजावले. कारखानदारांनी अर्जावर अर्ज करून पंधरा वर्षे काढली. अखेर 2011 मध्ये न्यायालयाने 37 कोटींहून अधिक रक्कम 12 टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. टाळाटाळीतून मिळवलेला लाभही खिशात ठेवता येणार नाही, हा त्याचा अर्थ.

आपल्या हाती आजही दोन हत्यारे आहेत. पहिले, जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 107. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकते आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ती 60 दिवसांत बाधितांना वाटायची असते. सार्वजनिक पाणी नासवणे हा आजही फौजदारी गुन्हा आहे. दुसरे, ॲट्रॉसिटी कायदा. अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातील पाणी घाण करणे हा कलम 3 खाली गुन्हा आहे, आणि दोष सिद्ध झाल्यास गुन्ह्यात वापरलेली मालमत्ता सरकारजमा करण्याचा अधिकार कलम 7 विशेष न्यायालयाला देते. टिपर आणि जेसीबी आरोपीच्या मालकीचे असतील तर तेही त्यात आले.

कलमे आपोआप चालत नाहीत. तेव्हा कचरा पडताच पंचनामा करून घ्या, पाण्याचे नमुने तपासायला लावा, फिर्याद नोंदवताना या कलमांचा आग्रह धरा. वाचवलेल्या खर्चाचा हिशेब काढून तो पैसा आधी बाधित वस्तीच्या पाण्यावर आणि दवापाण्यावर खर्च करावा, असा ठराव ग्रामसभेत घ्या. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला. ते पाणी विषमुक्त ठेवण्याची लढाई आता आपल्याला लढायची आहे.