सहीचा बूट, अंगठ्याची चप्पल आणि नावाचा हक्क

ईदच्या आधीचे पंधरा दिवस चप्पल-बुटांच्या धंद्यातील मंडळींना मान वर करायला फुरसत नसते. अशा दिवसांत सोलापुरातील कोणत्याही बुटांच्या दुकानात थोडा वेळ उभे राहावे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वडिलांना ओढत आत आणतो आणि विचारतो, "चाचा, जॉर्डन आहे का?" वडिलांना जॉर्डन कोण हे ठाऊक नसते. मुलानेही बास्केटबॉलचा सामना कधी धड पाहिलेला नसतो. तरी त्याला तोच बूट हवा असतो, ज्यावर चेंडू घेऊन हवेत झेपावलेल्या माणसाचे चित्र आहे. दुकानदार चित्र छापलेला पाच-सहाशेचा जोड पुढे ठेवतो, थोडी घासाघीस होते आणि सौदा पटतो. ते चित्र छापण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न तिघांपैकी कोणाच्याच मनात येत नाही. आज तोच प्रश्न घ्यावयाचा आहे, कारण तो आता आपल्या जिल्ह्यातील चपलेपर्यंत येऊन पोहोचला आहे.

अमेरिकेत एखाद्या नामांकित खेळाडूच्या नावाने जो बूट काढला जातो, त्याला आपण सहीचा बूट म्हणू. खेळाडू आपले नाव वापरू देतो, कंपनी त्याबद्दल मोबदला देते. या धंद्याला खरा भर आला तो मायकेल जॉर्डनमुळे. १९८४ साली नायकी कंपनीने या नवख्या खेळाडूशी पाच वर्षांचा करार केला आणि १९८५ च्या एप्रिलमध्ये 'एअर जॉर्डन' बाजारात आला. किंमत ६५ डॉलर, म्हणजे त्या काळच्या मानाने महाग. तरी पहिल्याच वर्षी सुमारे १२ कोटी ६० लाख डॉलरचा माल खपला, असे सांगितले जाते. गंमत अशी की, त्या आधी फेब्रुवारीत बास्केटबॉल लीगने कंपनीला पत्र पाठवून लाल-काळ्या बुटांना हरकत घेतली होती. कंपनीने ती मनाई लपवली नाही, उलट तिचीच जाहिरात केली. जे घालायला मनाई, तेच पोरांना हवे! पत्रातला बूट एअर जॉर्डनच होता की कंपनीचा दुसरा, यावर शौकीन आजही वाद घालतात.

शौकीन हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आपल्याकडे कबुतरांचे, पतंगांचे शौकीन असतात, तसे तिकडे बुटांचे आहेत. नवा जोड निघाला की ते रंग पाहतात, शिलाई मोजतात, जुन्या घाटाशी ताडून पाहतात, आणि नापसंत पडला तर तोंडावर सांगतात. २०१६ च्या जूनमध्ये अंडर आर्मर कंपनीने स्टीफन करीच्या नावाचा एक पांढराशुभ्र बूट दाखवला. करी त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, त्यालाही एकाही मताचा विरोध न होता. तरी बुटाची अशी टिंगल झाली की विचारू नका. कोणी म्हणाले हा दवाखान्यातल्या नर्सबाईंचा बूट, कोणी म्हणाले आजोबांचा. सही मोठी होती, पण माल डोळ्यांत भरला नाही.

उलट उदाहरणही आहे. स्टीफन मार्बरी या खेळाडूने २००६ साली आपल्या नावाचा बूट १४ डॉलर ९८ सेंटला विकायला काढला आणि सामन्यात स्वतः तोच घातला. गरीब आईबापांना तो परवडला आणि माणसे रांगा लावून उभी राहिली. पुढे २००८ मध्ये तो विकणाऱ्या दुकानसाखळीचेच दिवाळे निघाले, हा भाग वेगळा.

आता आपल्या चपलेकडे वळू. कोल्हापुरी चपलेवर कोणा खेळाडूची सही नाही. तिच्यावर सही आहे ती मुलखाची. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीची शिवण, बाजूचे कान, मधली वेणी आणि अंगठ्याचे वेढे, एवढ्यावरून जाणकार माणूस ती शंभर जोडांतून ओळखतो. कापशीसारखा प्रकार तर गावाच्या नावानेच ओळखला जातो.

२२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन भरवले. त्यात काही तरुणांच्या पायांत अंगठ्याची, सपाट तळव्याची चामडी चप्पल होती. कंपनीने तिला नुसती चामड्याची सॅंडल म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, हिंदुस्थानचेही नाही. पण इकडच्या माणसांनी ती पाहताक्षणी ओळखली. पुढचे काही दिवस जी प्रतिक्रिया उमटली, ती सहीच्या बुटांच्या शौकिनांनाही मागे टाकणारी होती. कोणी संतापले, कोणी थट्टा केली, कोणाला अभिमान वाटला. किंमत लाखाच्या घरात असल्याची बातमी पसरली तेव्हा हजार-बाराशेला जोड विकणाऱ्या कारागिराला हसावे की रडावे ते कळेना. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले. आठवडाभरातच प्राडाच्या लोरेंझो बर्टेली यांनी उत्तर देऊन, या चपलेची प्रेरणा हिंदुस्थानातील पारंपरिक हस्तकलेतून घेतल्याचे मान्य केले. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन काम पाहून गेली. दरम्यान कोल्हापुरीला गिऱ्हाईक वाढल्याच्या बातम्याही आल्या. फुकट जाहिरात झाली म्हणायची!

११ डिसेंबर २०२५ रोजी प्राडाने महाराष्ट्राचे लिडकॉम म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे लिडकर या दोन सरकारी महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्यांतील कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यावयाचे, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे आपल्या ऐंशी हजार रुपयांच्या पुढे, आणि विक्री फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातील ४० दुकानांतून, असे त्या वेळी जाहीर झाले.

लोक ओरडले म्हणून नाव मिळाले, हे खरे. पण नुसत्या ओरडण्याने कोर्टात काही मिळत नाही, हेही याच प्रकरणात दिसले. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. ज्यांच्या नावे या चपलेची नोंदणी आहे ते स्वतः दाद मागू शकतात, तुम्ही कोण, असा कोर्टाचा सवाल होता.

ही नोंदणी म्हणजे भौगोलिक मानांकन, ज्याला बाजारात जीआय म्हणतात. १९९९ चा कायदा आहे आणि कोल्हापुरी चपलेला ते मानांकन २०१९ मध्ये जाहीर झाले. नोंदणी लिडकॉम आणि लिडकर यांच्या नावे आहे. आता आपल्या कामाची गोष्ट. ही नोंदणी एकट्या कोल्हापूर जिल्ह्यापुरती नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, तर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर असे आठ जिल्हे तिच्यात आहेत. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील कारागिराने रीतीप्रमाणे केलेली चप्पल कायद्याने कोल्हापुरीच आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते?

जॉर्डनचे नाव आणि जीआय यांत मोठा फरक आहे. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो, तो विकता येतो, भाड्याने देता येतो. जीआय विकता येत नाही, तो त्या मुलखातील सर्व उत्पादकांचा सामाईक असतो. आणि तो नावाचे रक्षण करतो, घाटाचे नव्हे. प्राडाने 'कोल्हापुरी' हा शब्दच वापरला नव्हता, त्यामुळे नुसत्या आकारावरून तिला पकडणे सोपे नव्हते. सोलापुरी चादरीबाबत आपला अनुभव याच्या उलट आहे. तिलाही जीआय आहे, पण तिथे बाहेरचा माल आपले नाव लावून विकला जातो. प्राडाने चप्पल घेतली आणि नाव टाकले, चादरवाल्यांनी नाव घेतले आणि चादर टाकली!

सामाईक नावात आपला वाटा पक्का करण्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. अर्ज चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे जातो, फी नाममात्र आहे आणि नोंद जास्तीत जास्त दहा वर्षे टिकते, पुढे वाढवता येते. अशी नोंद झालेल्या माणसाला नावाचा गैरवापर करणाऱ्याविरुद्ध स्वतः दावा लावता येतो. हस्तकलेच्या मालाबाबत कायद्यातील 'उत्पादक' या शब्दात चप्पल शिवणारा तर येतोच, पण त्या मालाचा व्यापार करणाराही येतो. तेव्हा चर्मकार बांधवांकडून माल घेऊन विकणाऱ्या आपल्या दुकानदारांनीही याची चौकशी करायला हरकत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेक्झीनच्या किंवा मशीनवर चिकटवलेल्या चपलेवर 'कोल्हापुरी' असा शिक्का मारणे हा गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. ट्रेडमार्कच्या कायद्यातही शिक्षा एवढीच, म्हणजे ईदला पाच-सहाशेला विकलेला तो चित्राचा जोड याच मापाने मोजला जातो. माल बनवणाराच नव्हे, विकणाराही त्यात सापडतो. आपण वाजवी खबरदारी घेतली होती, संशयाला जागा नव्हती आणि माल कोणाकडून घेतला हे विचारताच सांगितले, एवढे सिद्ध केले तर विकणाऱ्याची सुटका होऊ शकते. ठोक बाजारातून गठ्ठा उचलताना आपले कितीतरी दुकानदार दोन पैसे वाचवण्यासाठी पक्के बिल घेत नाहीत. मग माल कोणाचा हे सांगायला त्यांच्या हाती कागद उरत नाही. यंदा गठ्ठा गाडीत चढवण्याआधी बिलावर विकणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि मालाचे वर्णन लिहून घ्यावे, आणि कोल्हापुरी असेल तर कोणत्या जिल्ह्यातून आली तेही.