घरचा स्टुडिओ, लेखांक ८ : पहिली ऑर्केस्ट्रा लायब्ररी

मिडी कीबोर्ड घ्याल तो मॉड व्हील असलेलाच घ्या, असा आग्रह मागच्या लेखांकात धरला होता. त्याचं कारण आज कळेल. गाण्यामागे व्हायोलिन्स हवीत, चेलो हवा, एखाद्या जागी फ्रेंच हॉर्न हवा. पण बजेट बेताचं आणि लॅपटॉप आठ जीबी रॅमचा. अशा वेळी कोणती सॅम्पल लायब्ररी घ्यायची?

सॅम्पल लायब्ररी म्हणजे खऱ्या वादकांकडून एकेक सूर सुटा वाजवून घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण, आणि कळ दाबली की नेमका तो सूर ऐकवणारं सॉफ्टवेअर. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. तेवढा खर्च ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांच्यासाठी ही सोय आहे आणि ती आता खरोखर चांगली झाली आहे.

जाहिरातीतले जीबीचे आकडे आणि वाद्यांची लांबलचक यादी बाजूला ठेवा. माझ्या मते लायब्ररीची पारख एका लांब सुरावर होते. व्हायोलिन्सचा ‘लाँग’ किंवा ‘सस्टेन’ आवाज उघडा, मधल्या सप्तकातला एक सूर दाबून धरा आणि मॉड व्हील सावकाश तळापासून वरपर्यंत न्या. वादक गजावर जोर वाढवतो तेव्हा आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोत बदलतो. वरचे स्वरांश जागे होतात, सुराला धार येते. म्हणून चांगल्या लायब्ररीत तोच सूर हलका, मध्यम आणि जोरकस असा वेगवेगळा वाजवून घेतलेला असतो, आणि चाक फिरवताना एक थर दुसऱ्यात विरघळतो. तुम्ही फक्त सांधा ऐका. मध्येच वादक बदलल्यासारखे वाटले, तर थर नीट जुळवलेले नाहीत. पोत तसाच राहून नुसता आवाज वाढला, तर थर एकच आहे. अशा आवाजावर कितीही मेहनत घेतली तरी तो कीबोर्डवरच्या ‘स्ट्रिंग्स’सारखाच वाजतो.

मग आखूड सूर तपासा. ‘स्पिकाटो’ निवडून एकच कळ भराभर आठ वेळा वाजवा. दर वेळी तेच रेकॉर्डिंग वाजलं तर मशीनगनसारखा खडखडाट होतो. तो टाळायला एकच सूर अनेकदा वाजवून घेऊन आळीपाळीने ऐकवतात. याला राउंड रॉबिन म्हणतात. आखूड सुरांचा जोर बहुतेक लायब्रऱ्यांत कळ किती जोरात दाबली यावर ठरतो आणि लांब सुरांचा चाकावर, हेही ध्यानात असू द्या.

या कसोट्या लावून सुरुवात फुकटातून करावी. स्पिटफायर ऑडिओची ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’ ही माझी पहिली शिफारस. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत मुद्रित झालेला हा वाद्यवृंद तीन आकारांत मिळतो. सगळ्यात मोठी प्रोफेशनल आवृत्ती ५०० जीबीहून जास्त, तर डिस्कव्हर फक्त २०० एमबीच्या आसपास. साध्या लॅपटॉपवर ती अख्खी चालते. पहिल्या व्हायोलिन्ससाठी लांब सूर, स्पिकाटो, पिझिकाटो आणि ट्रेमोलो मिळतात. नवशिक्याला गोंधळात पाडणारं फारसं काही नाही. माइकच्या जागा निवडण्याची सोय नाही, थरांची श्रीमंतीही नाही. पण उद्या मोठी आवृत्ती घेतलीत तर आजचं काम तिच्यात नेता येतं, आणि शिकणाऱ्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

‘व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा’ही फुकट आहे, प्लोगच्या ‘स्फोर्झांडो’ या फुकट प्लेअरमध्ये चालते. मात्र ती बसवायला थोडी खटपट करावी लागते. एक सावधगिरी बाळगा. ‘कॉन्टॅक्ट’ या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव घेऊन ‘कॉन्टॅक्टसाठी’ एवढंच लिहिलेलं पाहून लायब्ररी विकत घेऊ नका. कित्येक लायब्रऱ्यांना पूर्ण, विकतचं कॉन्टॅक्ट लागतं. फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये त्या थोडा वेळ वाजून बंद पडतात. दरमहा भाड्याने मिळणाऱ्या लायब्रऱ्या पहिल्या वर्षी तरी नकोत. भाडं थांबलं की त्यातले आवाजही थांबतात आणि जुनी गाणी उघडून दुरुस्त करता येत नाहीत.

आता आपल्याकडच्या चालींचा प्रश्न. भावगीताची ओळ व्हायोलिनवर घ्यायची तर मींड हवी. लायब्ररीतला प्रत्येक सूर सुटा मुद्रित केलेला असतो. महागड्या लायब्रऱ्यांत दोन सुरांमधला लेगाटोचा सांधाही मुद्रित केलेला असतो, पण गंधारावरून रिषभावर रेंगाळत येणं त्यात नसतं. पिच बेंडने सूर ओढला तर त्याच्यासोबत हॉलचा घुमारही ओढला जातो आणि कान लगेच ओळखतो. म्हणून मुख्य ओळ खऱ्या व्हायोलिनवर किंवा बासरीवर घ्या. लायब्ररीला मागचा भराव द्या.

तो भराव कसा असावा हे जुन्या गाण्यांत ऐका. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा आणि मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारे गोव्याचे व्हायोलिनवादक यांचं काम कान देऊन ऐकलं, तर व्हायोलिन्स कितीदा तरी एकत्र एकच ओळ वाजवताना, नाहीतर सप्तकाच्या अंतराने जाताना सापडतील. लायब्ररीवर हे सहज जमतं. उलट, दोन्ही हातांनी पियानोसारखे कॉर्ड दाबले की घोळ होतो. व्हायोलिन्सचा आवाज समजा सोळा वादकांचा असेल, तर चार सुरांच्या कॉर्डला चौसष्ट व्हायोलिन्स वाजतात आणि गायकाचा आवाज त्याखाली दबतो. प्रत्येक गटाला एकच सूर द्या: चेलोला खालचा, व्हायोलाला मधला, व्हायोलिन्सना वरचा. प्रत्येकासाठी मॉड व्हील वेगळं फिरवा, एकाचं दुसऱ्यावर कॉपी करू नका. वेळ लागतो, पण वाद्यवृंद श्वास घेऊ लागतो तो याच कामाने.

फाइल्स एसएसडीवर ठेवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठी लायब्ररी अडखळते. परवाना वाचा. सॅम्पल वापरून केलेलं गाणं विकायला सहसा हरकत नसते, सुटे सॅम्पल वाटायला असते. व्हर्सिलियन स्टुडिओजची ‘व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन’ मात्र सार्वजनिक मालकीत दिलेली आहे. तिला तसं बंधन नाही.

पुढच्या लेखांकात रिव्हर्ब पाहू: दोन वेगळ्या हॉलमध्ये मुद्रित झालेल्या लायब्रऱ्या एका गाण्यात एकत्र कशा बसवायच्या.