एका घांसाची परीक्षा

परीक्षा म्हटली कीं आमच्या विद्यार्थिमित्रांच्या डोळ्यांपुढें प्रश्नपत्रिका आणि घड्याळ हीं उभीं राहतात. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक परीक्षा अशी आहे कीं, तिची तयारी रात्रभर उघड्या मैदानांत विस्तवापुढें बसून करावी लागते, उत्तर पेटींत भरून द्यावें लागतें आणि परीक्षक तें उत्तर खाऊन गुण देतात! ही परीक्षा म्हणजे 'बार्बेक्यू' स्पर्धा होय. मांसाचे मोठाले तुकडे लांकडाच्या किंवा कोळशाच्या मंद आंचेवर, धुरांत, तासचे तास शिजविणें यास तिकडे बार्बेक्यू असें म्हणतात. कॅन्सस सिटी हें शहर या कलेचें मोठें पीठ समजलें जातें, व तेथील 'कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी' या संस्थेचे नियम देशभर अनेक स्पर्धांतून पाळले जातात. या नियमांखालीं परीक्षकांस रुचेल अशी पेटी कशी सिद्ध होते, तें आम्ही येथें सांगतों.

पदार्थ चार: कोंबडी, डुकराच्या बरगड्या, डुकराचा खांदा आणि ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचें मांस. (यांतील कांहीं पदार्थ आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं वर्ज्य आहेत, हें आम्ही जाणून आहों, परंतु येथें प्रश्न जेवणाचा नसून कौशल्याचा आहे.) गॅस किंवा वीज यांवर शिजविण्यास मनाई असते. कच्चें मांस तपासून घेतल्यावांचून त्यास मीठमसाला लावतां येत नाहीं. बहुधा दुपारीं 12 वाजतां कोंबडी, व पुढें अर्ध्या अर्ध्या तासानें एकेक पदार्थ द्यावयाचा असतो. नेमलेल्या वेळेच्या पांच मिनिटें आधींपासून पांच मिनिटें नंतरपर्यंत पेटी पोंचली पाहिजे. उशीर झाला तर कोणतीही सबब चालत नाहीं.

पेटीवर स्पर्धकाचें नांव नसतें, केवळ क्रमांक असतो. एका मेजाभोंवतीं सहा परीक्षक बसतात. परीक्षा चालू असतां ते आपसांत बोलत नाहींत, व एका पेटीची दुसरीशीं तुलनाही करीत नाहींत. प्रत्येक जण दर्शन, रुचि आणि कोमलता या तीन गोष्टींस 9 पासून खालीं 2 पर्यंत गुण देतो. नियमभंगाबद्दल मात्र 1 मिळतो. सहांपैकीं सर्वांत कमी गुण देणाऱ्याचे गुण सोडून देतात, व पूर्ण गुणांची बेरीज 180 होते.

येथें हुशार स्पर्धक थोडें गणित करतो. या तीन गोष्टींस सारखें वजन नाहीं. रुचीच्या गुणास 2.2972 नीं, कोमलतेच्या गुणास 1.1428 नीं आणि दर्शनाच्या गुणास अवघ्या 0.56 नीं गुणतात. म्हणजे निम्म्याहून अधिक परीक्षा जिभेची, सुमारें सातवा हिस्सा डोळ्यांची! असें असून पुष्कळ नवशिके पेटींत हिरवीं पानें रचण्यांत सकाळ घालवितात. लेट्यूस, पार्सली, आमच्या ओळखीची कोथिंबीर हीं चालतात. पण तीं घातलींच पाहिजेत असा नियम नाहीं. लाल कडांचें लेट्यूस मात्र चालत नाहीं. आमच्या मतें पानांपेक्षां तुकडे मोजण्याकडे लक्ष द्यावें. परीक्षक सहा, म्हणून तुकडे किमान सहा पाहिजेत. आणि सुरी नीट न फिरल्यामुळें दोन तुकडे एकमेकांस चिकटून राहिले, तर एका परीक्षकाच्या हातीं कांहींच येत नाहीं व रात्रभराची मेहनत त्या एका निष्काळजीपणानें बुडते.

आतां कोमलतेविषयीं. येथेंच घरचा उत्तम स्वयंपाकीही फसतो. हाड उचलतांच मांस गळून पडलें कीं घरचे लोक वाहवा करितात. परंतु परीक्षकाच्या लेखीं ती बरगडी अति शिजलेली ठरते. दांतांनीं जेथें घांस घेतला तेवढेंच मांस हाडापासून स्वच्छ सुटावें, बाकीचें जागच्या जागीं राहावें, अशी अपेक्षा असते. ब्रिस्केटचा काप दोन्ही हातांनीं धरला असतां आपल्या भारानें तुटूं नये, पण हलकेंच ओढतांच दुभंगावा. याचें कारण असें: स्नायूंस बांधून ठेवणारें कोलॅजेन नांवाचें चिवट द्रव्य मंद उष्णतेनें हळूहळू विरघळतें व त्याचें मऊ जिलेटिन बनतें. हा पालट पुरता झाला नाहीं तर मांस रबरासारखें लागतें, फार झाला तर त्याचा भुगा होतो. ब्रिस्केटच्या आंतील उष्णता साधारण 195 ते 205 अंश फॅरनहाईट झाली म्हणजे काम साधतें. पण चतुर पाककर्ता केवळ यंत्रावर विसंबत नाहीं, सळई टोंचून ती लोण्यांत गेल्यासारखी जाते कीं नाहीं तें पाहतो.

तेथवर पोंचण्याच्या वाटेंत एक मोठी अडचण आहे. सुमारें 150 ते 170 अंशांच्या दरम्यान मांसाची उष्णता तास न् तास वाढतच नाहीं. नवखा मनुष्य घाबरून विस्तव भडकवितो आणि सर्व बिघडवितो. वास्तविक यांत जादू नाहीं. उन्हाळ्यांत मातीच्या माठांतील पाणी ज्या कारणानें थंड राहतें, त्याच कारणानें मांसही तापत नाहीं: पृष्ठभागावरील ओल वाफ होऊन जातांना उष्णता घेऊन जाते. अनुभवी लोक अशा वेळीं मांस धातूच्या पातळ पत्र्यांत गुंडाळतात, म्हणजे वाफ बाहेर जात नाहीं व उष्णता पुन्हां चढूं लागते. मात्र फार लवकर गुंडाळलें तर बाहेरची खरपूस साल मऊ पडते.

रुचीचा विषय सर्वांत नाजूक. परीक्षकास एका दुपारीं वीसहून अधिक मासले चाखावे लागतात. मध्यंतरीं तो पाणी पितो, कोरडें बिस्किट खातो. अशा जिभेवर फार तिखट, फार गोड किंवा फार खारट पदार्थ चटकन् खटकतो. म्हणून स्पर्धक मधुर, खारट व किंचित् तिखट यांचा समतोल राखतात, आणि रसाचा पातळ लेप देऊन तो आंचेवर बसूं देतात. पेटींत रस सांचलेला चालत नाहीं. धूरही निवडावा लागतो. ओल्या किंवा गुदमरलेल्या लांकडाचा दाट पांढरा धूर मांसास कडवटपणा आणतो. पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा धूर हवा. मांसाच्या कडेस जें गुलाबी वलय दिसतें, तें धुरांतील वायु व मांसांतील रंगद्रव्य यांच्या संयोगानें होतें. तें मनोहर खरें, पण मुरवणीच्या मिठानें तें नकली करितां येत असल्यामुळें परीक्षकांनीं त्याकडे पाहूं नये असें त्यांस शिकविलेलें असतें.

कोंबडीचा कस तिच्या कातडीवर लागतो. घांस घेतांना सारी कातडी सोलून हातीं आली तर गुण गेले. म्हणून कित्येक स्पर्धक कच्च्या मांडीची कातडी सोडवून तिच्या आंतली चरबी सुरीनें खरवडून काढतात व ती पुन्हां बसवितात. एका पेटीसाठीं हें काम करीत रात्रीं दिव्याखालीं बसलेलीं माणसें पाहून हंसूं येईल, पण दुसऱ्या दिवशीं दुपारीं हा खटाटोप परीक्षकाच्या दांतांस बरोबर कळतो.

शेवटची गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. विस्तवावरून नुकताच काढलेला तुकडा जसा लागतो, तसा तो परीक्षकास कधींच लागत नाहीं. पेटी भरणें, नेणें, क्रमांक बदलणें, सहा जणांस दाखविणें यांत मिनिटें जातात. मांस निवतें, चरबी थिजूं लागते, कापांच्या कडा वाळतात. म्हणून जाणता स्पर्धक घरीं सराव करितांना आपला मासला पेटींत बंद करून दहा-पंधरा मिनिटें तसाच ठेवतो, आणि मग झांकण उघडून एकच घांस घेतो.