दिलेली परवानगी परत घ्या

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ या ॲपच्या निर्मात्यांवर ठपका ठेवला. फोनचा दिवा लावायचा, एवढंच या ॲपचं काम. कोट्यवधी लोकांनी ते फुकटात घेतलं होतं. दिवा लावता लावता ते फोनचं नेमकं ठिकाण आणि त्याची ओळख सांगणारा क्रमांक जाहिरात कंपन्यांना धाडत होतं. अटी मान्य आहेत का, असं विचारणारी चौकट पडद्यावर यायची खरी, पण वापरणाऱ्याचं बोट तिथं पोचण्याआधीच माहिती निघालेली असायची.

तेव्हाच्या अँड्रॉइडमध्ये परवानग्यांची यादी ॲप घेतानाच समोर यायची. सगळ्या मान्य करा, नाहीतर ॲप सोडून द्या. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं आणि कॅमेरा, माइक, लोकेशन, कॉन्टॅक्ट, एसएमएस यांसाठी गरज पडेल तेव्हा वेगवेगळं विचारणं सुरू झालं. दिलेली परवानगी मागे घेण्याची सोयही तेव्हाच सर्वांच्या हाती आली. आपण ती फारशी वापरत नाही, हे मला फार खटकतं.

परवानगी देतो म्हणजे आत नेमकं काय होतं? अँड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतःचं खासगी दालन देतं. एका ॲपला दुसऱ्याच्या दालनात डोकावता येत नाही. कॅमेरा किंवा कॉन्टॅक्टची यादी कुठल्याच ॲपच्या मालकीची नसते, ती सिस्टिमच्या ताब्यात असते. ॲपने मागणी केली की सिस्टिम आपली नोंद पाहते आणि ठरवते. आपण ‘अलाऊ’ दाबतो तेव्हा ही नोंद बदलते. परवानगी काढून घेतली की नोंद पुन्हा बदलते आणि ते ॲप त्या क्षणी चालू असेल तर सिस्टिम त्याला तिथल्या तिथं बंद करते. मात्र आधी बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. म्हणून ‘पुढं कधीतरी बघू’ हे धोरण इथं महागात पडतं.

मूळ स्थिती ‘नाही’ हीच असावी, हा विचार मोबाइलच्या कितीतरी आधीचा. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तो नेमकेपणाने मांडला. परवानगी चुकून नाकारली गेली तर काम अडतं, माणूस तक्रार करतो आणि चूक लगेच उघडी पडते. चुकून दिली गेली तर काहीच अडत नाही, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. संगणक सुरक्षेतला याहून उपयोगी विचार माझ्या वाचनात नाही. आपल्या फोनमध्ये साठलेल्या परवानग्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

२०२० च्या अँड्रॉइड ११ ने यावर उपाय आणला. काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या सिस्टिम आपणहून काढून घेऊ लागली. पुढं ही सोय जुन्या फोनांपर्यंतही पोचली. पण रोज वापरातल्या ॲपला हा नियम लागत नाही. तिथं हातानेच काम करावं लागतं. सेटिंगमधल्या ॲप्सच्या पानावर कोपऱ्यातल्या तीन टिंबांत बहुतेक फोनांवर ‘रिसेट ॲप प्रेफरन्सेस’ असतं. ते दाबल्यावर फोटो, चॅट, लॉगिन यांना धक्का लागत नाही. परवानग्या मूळ स्थितीला जातात. त्याबरोबर तुम्ही बंद केलेली नोटिफिकेशन्स आणि निष्क्रिय केलेली ॲप्सही पुन्हा सुरू होतात, कुठली लिंक कशात उघडायची ही निवडही पुसली जाते. ही उलथापालथ नको असेल तर परमिशन मॅनेजरमध्ये जाऊन एकेक यादी तपासावी. आयफोनवर जनरलमध्ये शेवटी रिसेटच्या पर्यायांत ‘रिसेट लोकेशन अँड प्रायव्हसी’ आहे.

ॲक्सेसिबिलिटी, इतर ॲप्सच्या वर दिसणं आणि डिव्हाइस ॲडमिन या परवानग्या मात्र वेगळ्या पानांवर असतात आणि त्याच सर्वांत घातक. ॲक्सेसिबिलिटी मुळात दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या ॲपसारख्यांच्या उपयोगाची. ती मिळाली की ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून येणाऱ्या, दाबल्यावर ॲप बसवणाऱ्या एपीके फाइलींचा डोळा एसएमएसवर आणि बहुतेकदा याच परवानगीवर असतो.

आपल्याकडे अशा परवानग्यांची मोठी झळ बसली ती झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्समुळे. कॉन्टॅक्टची यादी घ्यायची, हप्ता थकला की नातेवाइकांना, ऑफिसातल्यांना फोन करून बदनामी करायची. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्ज ॲप्सना फाइली, कॉन्टॅक्ट आणि कॉलची नोंद यांना हात लावायला मनाई केली. कॅमेरा, माइक, लोकेशनही फक्त ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने, एकदाच. त्यामुळे कर्जाचं ॲप आज कॉन्टॅक्ट मागत असेल तर ते नियम मोडतं आहे, एवढं पक्कं समजावं.

आज रात्री फोन चार्जिंगला लावण्याआधी एसएमएस, कॉन्टॅक्ट, माइक आणि ॲक्सेसिबिलिटी एवढ्या चार याद्या उघडून बघा. ज्या ॲपला ती गोष्ट कशाला हवी हे सांगता येत नाही, त्याची परवानगी काढा. गरज असेल तर ते पुन्हा मागेल. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोनही त्यांच्याशेजारी बसून तपासा. आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.