कुत्र्याला म्होरकी
लेखमाला ‘दोरीची दोन टोकं’ : भाग सातवा

भिलाईच्या रिसाली सेक्टरमध्ये सकाळी फिरायला निघालं की एक जोडी हमखास भेटते. मागे स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले काका किंवा काकू, पुढे तीस-पस्तीस किलोचा लॅब्रॅडोर. कुत्रा बहुतेक वेळा त्यांचा नसतोच. मुलाने हौसेने आणलेला असतो. मग मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरीला लागतो, तिथल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही, आणि तो आईबाबांच्या वाट्याला येतो. कारखान्यामागे विदर्भातून इकडे आलेल्या मराठी घरांतही हीच कथा. अशाच एक काकू मला म्हणाल्या, “मी कुठं याला फिरवून राहिली? हाच मला फिरवून राहिला.” दोरीचे दोन वेढे त्यांनी मनगटाला घेतले होते, हात खांद्यापासून सरळ ताणलेला होता, आणि कुत्र्याचं सगळं लक्ष रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गाईकडे होतं.

मनगटाचे ते वेढे आधी सोडा, हे पहिलं सांगणं. कुत्र्याने झेप घेतली तर दोरी सुटण्याऐवजी मनगट मोडेल. दोरीचा फास अंगठ्यात अडकवायचा आणि मूठ मिटायची.

गेल्या आठवड्यात आपण छातीवर कडी असलेला हार्नेस पाहिला. बऱ्याच कुत्र्यांचं ओढणं तेवढ्यानेच निम्म्यावर येतं. तो लावूनही ज्यांचा हात दुखतो, किंवा ज्यांचं वजन आणि कुत्र्याचं वजन यांत फारसं अंतर उरलेलं नाही, त्यांच्यासाठी आजचा विषय : हेड हॉल्टर, म्हणजे तोंडाला आणि डोक्याला घालायचा पट्टा.

आधी ओढण्याविषयी थोडं. कुत्रा ओढतो तो आपल्यावर मात करायला, ही समजूत सोडून द्यावी. त्याची सहज दुडकी चाल आपल्या चालण्यापेक्षा वेगवान असते, पुढच्या खांबावर रात्रभराच्या बातम्या असतात, आणि ओढलं की तिथे लवकर पोचता येतं हे त्याला रोज सिद्ध झालेलं असतं. आपण मागून फरपटत का होईना, जातोच. त्यातून त्याला शिकवण मिळते ती एवढीच, की ओढणं फळाला येतं.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. अंगावर ताण आला की त्याच्याविरुद्ध जोर लावायचा, ही खोड कुत्र्यात मुळातच असते. इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९१७ च्या सुमारास आपल्या प्रयोगशाळेतल्या एका कुत्र्याची हकिगत सांगितली आहे. तिथे कुत्र्यांना पट्टे बांधून लाकडी चौकटीत उभं करत. बाकीची कुत्री निमूट उभी राहत. हा एक धडपडे, धापा टाकी, त्याची लाळ थांबत नसे. पाव्हलॉव्हने या धडपडीला स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं. मग उपाय केला तो असा, की त्या कुत्र्याला जेवण मिळेल ते फक्त त्या चौकटीत. आधी कुत्रा रोडावला, मग हळूहळू तिथेच पोटभर जेवायला लागला, आणि धडपड संपली. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाईत, १९७२ सालच्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी राहणाऱ्यांनी या रशियन म्हाताऱ्याचं थोडं ऐकायला हरकत नाही. उपाशी ठेवण्याचा भाग मात्र आपण घ्यायचा नाही. पट्टा आणि घास यांची गाठ घालायची, तेवढंच उचलायचं. पुढे त्याचा उपयोग आहे.

गळ्यातल्या पट्ट्यावर ओढणाऱ्या कुत्र्याची घरघर सगळ्यांनी ऐकलेली असते. ती नुसती ऐकायला वाईट आहे असं नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. गळ्यातल्या पट्ट्यावर ओढताना तो स्पष्ट वाढला, हार्नेसवर ओढताना वाढला नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या मंडळींनी कुत्र्याच्या मानेची प्रतिकृती करून तिच्यावर वेगवेगळे पट्टे ओढून पाहिले. २०२० साली त्यांनी निष्कर्ष मांडला की जोराने ओढलं तर मानेला इजेची भीती नाही असा एकही पट्टा त्यांना सापडला नाही. रुंद, मऊ, गुबगुबीत, कुठलाच. बाजारात ‘ट्रेनिंगची साखळी’ म्हणून जी आवळणारी चेन विकतात, किंवा आतून दाते असलेला जो पट्टा मिळतो, त्यांच्याबद्दल मग वेगळं बोलायला नको. कुत्रा दुखलं म्हणून थांबतो, आणि समोरून दुसरा कुत्रा येताना दुखलं तर त्या दुखण्याचा दोष समोरच्या कुत्र्यावर ठेवतो. चार महिन्यांनी तुम्ही विचारता, हा अलीकडे भुंकायला का लागला?

आता हॉल्टर. त्यात दोन वेढे असतात. एक कानांच्या लगेच मागे, मानेच्या अगदी वरच्या टोकाला. दुसरा नाकाडाभोवती, डोळ्यांच्या खालून. दोन्ही हनुवटीखाली जोडलेले, आणि दोरी अडकवायची कडी तिथेच. कुत्र्याने पुढे जोर केला की दोरीचा ताण हनुवटीखाली येतो आणि डोकं बाजूला, तुमच्याकडे वळतं. मानेचा बुंधा, खांदे आणि मागचे पाय ही कुत्र्याची ताकदीची ठिकाणं. साध्या पट्ट्यात आपण नेमकी त्यांच्याशी कुस्ती खेळत असतो. नाकाचं टोक त्या ताकदीपासून लांब असतं, त्यामुळे तिथे थोडासा ताणही पुरतो.

ज्यांनी पोळ्याला बैल सजवताना पाहिलेत, त्यांना हे समजावण्याची गरज नाही. आणि इथे तर विदर्भाचा पोळा आणि छत्तीसगडचा पोरा एकाच अमावास्येला येतात. वेसण नाकाच्या पडद्यातून जाते. बैल वळतो तो दुखू नये म्हणून. म्होरकी नुसती तोंडाला आणि डोक्याला वेढलेली असते. मुंडकं वळलं की मागोमाग धड वळतं. हेड हॉल्टर हे म्होरकीचं भावंड आहे. मात्र म्होरकी जितकी बैलाला वळवते तितकी शिकवत नाही, तेच इथेही लागू. हॉल्टर म्हणजे सुकाणू. कुत्र्याला नीट चालणं शिकवायचं काम उरतंच, फक्त ते काम करताना तुमचा खांदा शाबूत राहतो.

कुत्र्यासाठी ही कल्पना बाजारात आली ती ऐंशीच्या दशकात. ब्रिटनमध्ये रॉजर मगफर्ड या प्राणी-मानसशास्त्रज्ञाने ‘हॉल्टी’ काढली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले पशुवैद्य आर. के. अँडरसन आणि श्वान-प्रशिक्षक रूथ फॉस्टर यांनी ‘जेंटल लीडर’ तयार केला. दोन्हींच्या बसण्यात फरक आहे. जेंटल लीडरचा मानेचा पट्टा चांगला घट्ट, खाली एक बोट जाईल इतपत, आणि नाकाचा वेढा सैल. हॉल्टीला गालांवरून पट्ट्या असतात, मान थोडी सैल असते, आणि हॉल्टर निसटलाच तर म्हणून गळ्यातल्या पट्ट्याला जोडणारी एक छोटी दोरी असते. इथल्या दुकानांत साखळ्या आणि हार्नेस ढिगाने मिळतात. हॉल्टर बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो, म्हणून नाकाडाचा घेर आणि कानामागचा घेर टेपने मोजूनच मागवा. जातीच्या नावावर जाऊ नका.

बरोबर बसला की नाही हे पाहायला कुत्र्याच्या तोंडात बिस्किट द्या. त्याला खाता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जांभई देता आली पाहिजे, आणि धापा टाकताना तोंड पूर्ण उघडलं पाहिजे. हे शेवटचं इथे फार महत्त्वाचं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापांनीच. त्याच वेळी नाकाचा वेढा पुढे ओढला तर नाकाच्या ओल्या काळ्या भागापाशी अडला पाहिजे. तिथून निसटत असेल तर घट्ट करा. डोळ्यांना लागत असेल तर मानेचा पट्टा खाली घसरलाय असं समजा.

लोक चुकतात ते यानंतर. पार्सल उघडलं, कुत्र्याच्या तोंडाला लावलं, आणि तसंच फाटकाबाहेर. कुत्रा रस्त्यावर लोळतो, पंजाने नाक ओरबाडतो, डांबरावर तोंड घासतो, आणि तिसऱ्या दिवशी हॉल्टर चपलांच्या कपाटावर जातो. १९९८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात हॉल्टर घातलेल्या आणि साधा पट्टा घातलेल्या कुत्र्यांची तुलना केली होती. हॉल्टरवाली कुत्री नाकाशी जास्त झटापट करत होती, दिसायला जास्त वैतागलेली होती. पण रक्तदाब, नाडी अशा शरीराच्या खुणांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. याचा अर्थ त्रास होतच नाही असा मी लावत नाही. नवी, विचित्र गोष्ट तोंडावर आली तर कुणीही ती काढायला बघेल. ती विचित्र वाटू नये एवढी तयारी घरात करायची.

पाव्हलॉव्हची ती चौकट आठवा. एका हातात हॉल्टरचा नाकाचा वेढा मोकळा धरा, दुसऱ्या हातात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, शाकाहारी घरात पनीर. तुकडा वेढ्याच्या पलीकडे धरायचा, म्हणजे कुत्रा स्वतःच नाक आत घालतो. खाल्लं, नाक बाहेर. वेढा त्याच्या नाकावर चढवायचा नाही. त्याने नाक वेढ्यात घालायचं. पहिले एक-दोन दिवस इतकंच, दोन-तीन मिनिटं, जेवणाच्या आधी. मग नाक आत असताना तुकडे एकामागून एक देत राहा, म्हणजे तो तिथे थांबायला शिकतो. मग कानामागचं बक्कल लावा, लगेच काढा. मग बक्कल लावून जेवणाची थाळी पुढे ठेवा आणि थाळी संपली की हॉल्टर काढा. मग घरातल्या घरात दोरीशिवाय दोन फेऱ्या, मग अंगणात दोरीसकट. पंजा नाकाकडे गेला तर ओरडू नका. नाव घेऊन चालायला लावा, चालणारा कुत्रा पंजा उचलू शकत नाही. फारच घाबरला तर काढून टाका आणि एक पायरी मागे जा. काही कुत्री चार दिवसांत तयार होतात, काहींना दोन आठवडे लागतात. हॉल्टर दिसल्यावर कुत्रा शेपूट हलवत नाक पुढे करू लागला, की फाटक उघडायची वेळ झाली.

बाहेर पडताना दोरी कापडी आणि हलकी असू द्या, दीड-दोन मीटरची. लोखंडी साखळी इथे चालणार नाही, तिचं वजनच हनुवटी खाली खेचत राहतं. बटण दाबून लांबणारी दोरी तर हॉल्टरला कधीही लावू नका. पाच मीटर मोकळं धावून कुत्रा टोकाला पोचला, की डोकं एकदम बाजूला फिरतं आणि मानेला हिसका बसतो. याच कारणाने झटके देऊन ‘दुरुस्ती’ करण्याची सवय असलेल्यांनी हॉल्टर हातात घेऊ नये. ओढलं की तुम्ही थांबायचं, हात शरीराजवळ घ्यायचा, बस. कुत्रा वळून तुमच्याकडे पाहतो, दोरी सैल पडते, त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून चालू लागायचं. गुडघ्याजवळ चालत असेल तर अधूनमधून तिथेच तुकडा द्यायचा. आणि खांब हुंगू द्या. दोरी सैल ठेवून आला तर खांब मिळतो, हा सौदा त्याला पटकन कळतो.

झेप घेणारा कुत्रा असेल तर दोन्ही टोकांना हुक असलेली दोरी घ्या; एक हुक हॉल्टरला, दुसरा हार्नेसला. एरवी वजन हार्नेसवर ठेवायचं आणि वळवायचं असेल तेव्हाच हॉल्टरचं टोक हलकेच वापरायचं. कुत्रा हातातून निसटून कुणाच्या स्कूटरसमोर गेला तर प्रश्न फक्त दिलगिरीचा राहत नाही. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

काही कुत्र्यांना हॉल्टर नकोच. २००३ मधल्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकून घरोघरी आलेल्या पगला नाकाडच नाही, वेढा बसणार कशावर? बुलडॉगचंही तेच. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्या, लहान पिल्लाच्या वयातल्या, किंवा सायकलबरोबर पळवायच्या कुत्र्याला लावू नये. मानेची शंका असेल तर अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. हॉल्टर घालून कुत्र्याला कुठे बांधून ठेवायचं नाही, आणि घरी आल्या आल्या काढायचा. दिवसभर ठेवला तर नाकावरचे केस झडतात, पावसाळ्यात ओल्या पट्ट्याने कातडी सोलते.

आणि लोक विचारतील. चहाच्या टपरीवरून हमखास आवाज येईल, “काटता है क्या? मुँह क्यों बाँधा है?” तोंडावर पट्टा दिसला की सगळ्यांना तो मुसकंच वाटतो. कुत्र्याला तिथल्या तिथे एक बिस्किट खायला द्या, उत्तर मिळून जातं. याचा एक फायदाही आहे. लोक दोन पावलं लांबून जातात, आणि शिकत असलेल्या कुत्र्याला ती दोन पावलं हवीच असतात.

दोनेक महिन्यांनी शांत गल्लीत पाच मिनिटं दोरी हार्नेसवर घेऊन बघा, मग दहा मिनिटं. तरुण, अंगात जोर असलेल्या मालकांनी हॉल्टरमधून बाहेर पडायचं ध्येय ठेवावं. नाहीतर हॉल्टर असेपर्यंत शहाणा आणि काढला की पुन्हा तसाच, असा कुत्रा तयार होतो. सत्तरीच्या काकूंना हा नियम मी लावणार नाही. खांदा दुखत असेल, रस्त्यावर सकाळच्या पाळीच्या दुचाकी असतील आणि कुत्रा नाक पुढे करून हॉल्टर घालून घेत असेल, तर तो जन्मभर राहिला म्हणून काही बिघडत नाही. दर काही महिन्यांनी शिवण आणि बक्कल तपासा, उसवलेला दिसला की त्याच दिवशी नवा मागवा.

पुढच्या भागात गल्लीतली मोकळी कुत्री : पाचजण भुंकत अंगावर आली की दोरीच्या दोन्ही टोकांनी काय करायचं.